रात्री आठ वाजता शून्यापासून सुरुवात करू नका

प्रश्न : मी ३६ वर्षांची आहे. मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो. सकाळी साडेआठला घर सोडते, परत यायला रात्रीचे आठ वाजतात. घरचंच खायचं असं वर्षापूर्वी ठरवलं होतं. दर रविवारी भाज्या आणते आणि बुधवारपर्यंत त्या तशाच पडून राहतात. परवा फ्रीजमध्ये पालकाची जुडी पिशवीतच काळी पडलेली सापडली. पाणी सुटलं होतं, वास येत होता. मला रडूच आलं. मधे दोन महिने रविवारी अख्ख्या आठवड्याचा स्वयंपाक करून ठेवला, पण मंगळवारनंतर तेच तेच खावंसं वाटेना आणि निम्मं टाकून द्यावं लागलं. आता आठवड्यातल्या चार-पाच रात्री बाहेरूनच मागवतो. नवऱ्याची कसलीच तक्रार नसते, तो पुढ्यात येईल ते खातो. माझा रक्तदाब वाढायला लागलाय आणि डॉक्टर म्हणतात, बाहेरचं कमी करा. मी आळशी आहे का? की मला नियोजनच जमत नाही? आणि बाहेर 'हेल्दी' म्हणून जे मिळतं ते मागवलं तर नाही का चालणार?

उत्तर :

पालकाच्या जुडीपासूनच सुरुवात करते, कारण सगळं दुखणं तिच्यातच दिसतंय. रविवारी ती उचललीत तेव्हा तुमची झोप झालेली होती, पोट भरलेलं होतं, पुढचा आठवडा मोकळा वाटत होता. बुधवारी रात्री फ्रीज उघडलात तेव्हा खांद्यावरची पर्सही बहुधा उतरवलेली नसेल आणि दुपारच्या जेवणाला सात तास उलटून गेले असतील. अशा वेळी ती जुडी भाजी वाटतच नाही, ते एक काम होऊन बसतं. निवडा, तीन पाण्यांतून धुवा, निथळा, चिरा, सोबत काय करायचं ते ठरवा, ते शिजेपर्यंत ताटकळत राहा, मग भांडी घासा. पोटात कावळे ओरडत असताना एवढ्या पायऱ्या चढायला कुणीच राजी होत नाही. हातात फोन असतो, दोन-तीनदा बोट टेकवलं की जेवण दारात.

तुम्ही आळशी नाही. आळशी माणूस दर रविवारी वर्षभर भाज्या आणत नाही. बारा तास घराबाहेर राबून आलेल्या बाईला रोज रात्री शून्यापासून स्वयंपाक करायला लावलंय, गडबड तिथे आहे.

मी स्वतः बरीच वर्षं रात्री उशिरा सुटणारी नोकरी केली. एकदा न राहवून स्वयंपाकाला किती वेळ जातो ते घड्याळ लावून पाहिलं. घरात शिरल्यापासून ताट समोर येईपर्यंत पन्नास मिनिटं, आणि त्यातली शेगडीसमोर हातात उलथनं धरून घालवलेली जेमतेम बारा. बाकी वेळ काय करायचं ते ठरवण्यात, शोधण्यात, धुण्याचिरण्यात आणि कुकर थंड व्हायची वाट पाहण्यात गेला होता. त्या दिवशी एक गोष्ट लख्ख कळली. रात्रीसाठी फक्त ती बारा मिनिटं शिल्लक ठेवायची. बाकीची आठवडाभर इकडेतिकडे पेरून टाकायची, भूक लागलेली नसते अशा वेळी.

तुमचा रविवारचा प्रयोग फसला याचं मला अजिबात नवल वाटत नाही. पूर्ण शिजवलेल्या, मीठमसाला घातलेल्या पदार्थाची चव एकदा ठरून गेलेली असते. रविवारी तो जसा होता तसाच गुरुवारीही असतो, फक्त जास्त मऊ आणि जास्त पाणचट. म्हणून पदार्थ करून ठेवू नका, पदार्थाचं सामान तयार ठेवा. अर्धा स्वयंपाक. नुसतं शिजवलेलं कडधान्य, धुऊन कोरडी केलेली भाजी, चिरलेला कांदा, लसणाची किंवा टोमॅटोची एखादी चटकदार वाटलेली गोष्ट. कशातच पुढचं काही ठरलेलं नाही. बिनमसाल्याचे शिजवलेले हरभरे सोमवारी दाट सुपात जातील, बुधवारी कांदा, काकडी आणि लिंबू घालून तसेच खाता येतील, शुक्रवारी लसणाच्या तेलात पालकाबरोबर परतता येतील. तीन रात्री, तीन चवी, आणि हरभरे शिजवले एकदाच.

सगळ्यात आधी कडधान्यांचंच बघा. त्यांना माणूस लागत नाही, फक्त वेळ लागतो, आणि तुम्ही कामावर असता तेव्हा तो आपोआप मिळतो. सकाळी निघताना भांड्यात हरभरे, चवळी किंवा राजमा घाला, वर चार बोटं पाणी. अर्ध्या मिनिटाचं काम. संध्याकाळी आलात की ते फुगलेले असतात. पाणी फेकून द्या, ताजं पाणी घालून कुकरला लावा आणि कपडे बदलायला जा. कुकरमधलं पाणी दाबामुळे १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, म्हणून उघड्या पातेल्यात दीड तास घेणारं कडधान्य तिथे निम्म्याहूनही कमी वेळात मऊ होतं. लावायचंच आहे तर दुप्पट लावा. गॅस जवळपास तेवढाच लागतो, मेहनत तेवढीच. टोमॅटो, चिंच, लिंबू असं आंबट काही शिजताना घालू नका, आंबटपणामुळे दाणा लवकर मऊ होत नाही. शिजल्यावर खुशाल घाला. उरलेलं अर्धं एका वेळेला लागेल एवढ्या छोट्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका. मोठ्या डब्यात एकत्र गोठवलेला गोळा रात्री आठ वाजता सुरीने फोडत बसणं म्हणजे पुन्हा तोच वैताग.

राजम्याबद्दल मात्र जरा जपून. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, त्याने जोरदार उलट्या होतात. किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळल्याशिवाय तो खायचा नाही. कुकरमध्ये नीट शिजतो. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नका. तिथे पुरेसं तापमान गाठलं जात नाही आणि तो विषारी भाग उलट वाढू शकतो.

आणि भिजवायलाच विसरलात तर मसूर आहे. त्याला भिजवावं लागत नाही, उघड्या पातेल्यातही पंचवीस मिनिटांत शिजतो. माझ्या घरी मसुराची बरणी ओट्यावर समोरच असते, कपाटात नाही. कोरड्या कडधान्यात १०० ग्रॅममागे साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात. मसूर, भात, वरून लिंबू आणि सोबत काहीतरी हिरवं, हे पूर्ण जेवण आहे. लिंबू नुसत्या चवीपुरतं नाही. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं आणि पालेभाजीतलं लोह शरीराला जास्त मिळतं. जेवणावर लगेच चहा किंवा कॉफी घेतली की तेच लोह कमी शोषलं जातं, म्हणून तासभर थांबा.

आता पालेभाजी. ती सडते ओलाव्याने. बंद पिशवीत, पाण्याचे थेंब असलेली जुडी तीन दिवसांत काळी पडणारच. रविवारी आणलीत की त्याच वेळी, गाणी ऐकत म्हणा, कुणाशी बोलत म्हणा, निवडून टाका, धुवा, स्वच्छ सुती कापडावर पसरून अगदी कोरडी होऊ द्या आणि तळाला कोरडं कापड घातलेल्या डब्यात भरा. मग बुधवारी तो डबा उघडून दोन मुठी कढईत टाकायला दहा सेकंद पुरतात. तेवढंही रविवारी जमणार नसेल तर पालेभाजी आणूच नका, हे मी मनापासून सांगते. त्या आठवड्यात कोबी, गाजर, भोपळा आणा, ते दोन आठवडे वाट बघतात. गोठवलेले मटार, मका, फरसबी घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. शेतातून काढल्यावर लवकर गोठवलेल्या भाजीत, फ्रीजमध्ये पाच दिवस पडून राहिलेल्या 'ताज्या' भाजीइतकं आणि कधीकधी तिच्याहून जास्त सत्त्व शिल्लक असतं. शिवाय ती निवडलेली, चिरलेली येते. फक्त पाकिटावर मीठ किंवा सॉस घातलेलं नाही ना, एवढं वाचा.

माझा परवाचा मंगळवार सांगते. पावणेनऊला घरात आले. फ्रीझरमधला हरभऱ्यांचा डबा सकाळीच खाली फ्रीजमध्ये काढून ठेवला होता. कढईत तेल, ठेचलेला लसूण, तो सोनेरी व्हायला लागला तसा चिरलेला कांदा. कांद्याच्या डब्याचं झाकण उघडताना आलेल्या वासानेच भूक खवळली. कांदा मऊ झाल्यावर दोन टोमॅटो हातानेच कुस्करले, मग हरभरे त्यांच्या पाण्यासकट, पळीने थोडे दाबून, म्हणजे रस्सा दाट होतो. शेवटी पालकाच्या दोन मुठी, मीठ, मिरपूड. पाला कढईत मावत नव्हता, मिनिटभरात बसून गेला. दुसऱ्या शेगडीवर भात सुरूच होता. नऊ वाजून पाच मिनिटांनी मी जेवत होते. फार देखणं काही नव्हतं, पण गरम होतं, भरपूर होतं आणि त्यात काय काय आहे ते मला ठाऊक होतं.

भातावरून आठवलं, करून ठेवलेलं अन्न सांभाळायचे नियम पाळा. यात हलगर्जी नको. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सरळ आहे : शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, कारण ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात; आणि पुन्हा गरम कराल तेव्हा आतपर्यंत ७० अंशांपर्यंत, म्हणजे सगळीकडून वाफ निघेपर्यंत. भाताच्या बाबतीत तर फारच काटेकोर राहा. बॅसिलस सेरेअस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजल्यावरही जिवंत राहतात. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा तापवूनही जात नाही. रात्री उरलेला भात उथळ ताटात पसरा, वाफ गेली की झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. खोल पातेल्यात गच्च भरलेलं अन्न फ्रीजमध्येही मधोमध बराच वेळ कोमट राहतं, म्हणून डबे उथळ घ्या. शिजवलेलं कडधान्य फ्रीजमध्ये तीन दिवस, त्यापुढचं फ्रीझरमध्ये. डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. 'हे कधीचं बरं?' या प्रश्नातच निम्मं अन्न कचऱ्यात जातं.

बाहेरच्या 'हेल्दी' जेवणाबद्दल विचारलंत. कुणीतरी साधं, ताजं रांधून दिलेलं जेवण बाहेरचं आहे म्हणून वाईट ठरत नाही. तुमच्या जवळपास असं कुणी असेल तर आठवड्यातून दोनदा निःशंकपणे घ्या. पण पाकिटावर, जाहिरातीत 'हेल्दी' छापलेल्या कारखान्यातल्या तयार जेवणाबद्दल मी सावध राहीन. ब्राझीलमधले संशोधक कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये अन्नाकडे बघायची एक वेगळी दृष्टी दिली. पदार्थात किती साखर, किती चरबी एवढ्यावर न थांबता त्यावर कारखान्यात किती प्रक्रिया झाली आहे ते पाहायचं. पुढे अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे ठेवून घेतलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे जवळपास प्रक्रिया नसलेलं. समोर ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, चरबी, मीठ, चोथा सारखाच, आणि हवं तेवढं खायची मुभा. २०१९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. प्रक्रियेच्या अन्नावर असताना माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास किलोभर वाढलं. दुसऱ्या अन्नावर तेवढंच उतरलं. त्यांना कुणी जास्त खा म्हटलं नव्हतं. तेव्हा मागवल्यावर जास्त खाल्लं जातं म्हणून स्वतःच्या जिभेला बोल लावत असाल तर थांबा.

तुमच्यासाठी मुद्दा मिठाचा जास्त आहे. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चमचाभरसुद्धा नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि यात दिवसभरातलं सगळं आलं. बाहेरच्या एका जेवणात किती जातं ते तुम्हाला कळायला मार्ग नसतो. घरी चमचा तुमच्या हातात असतो. मीठ हळूहळू कमी करा आणि शेवटी आंबट घाला. लिंबू पिळलं की कमी मिठाचा पदार्थही अळणी लागत नाही. दोन-तीन आठवड्यांत जीभ सरावते. डॉक्टरांनी औषध दिलं असेल तर ते मात्र स्वतःच्या मनाने कमी करू नका.

आणखी एक छोटी गोष्ट, पण माझ्या बाबतीत तिनेच सगळं बदललं. संध्याकाळी ऑफिसमधून निघायच्या आधी काहीतरी खा. एक केळं, मूठभर शेंगदाणे, उकडलेलं अंडं, वाटीभर दही, काहीही. घरी पोचताना पोटात आग पडलेली नसेल तर हात फोनकडे जात नाही, वीस मिनिटं कळ काढता येते. कामाच्या टेबलावरच्या खणात दाणे आणि जरा टिकणारी फळं ठेवा. दुपारच्या डब्यासाठी वेगळा स्वयंपाक करू नका. रात्री करता त्यातच एक वाढप जास्त करा आणि जेवायला बसण्यापूर्वी ते डब्यात भरून टाका. नंतर भरू म्हटलं की ते संपतं. गार झाल्यावर फ्रीजमध्ये, सकाळी पिशवीत, आणि ऑफिसमध्ये पोचल्यावर तिथे फ्रीज असेल तर त्यात.

'स्वयंपाक' या शब्दाचा धाकही थोडा कमी करा. तीन पदार्थ केले तरच तो घरचा स्वयंपाक, असं मनात कुठेतरी बसलेलं असतं. ज्या रात्री काहीच होणार नाही, त्या रात्रीसाठी एक ठरलेलं जेवण ठेवा, ज्याला डोकं चालवावं लागत नाही. माझं म्हणजे दोन अंडी, मूठभर गोठवलेले मटार आणि उकडलेला बटाटा, एकाच तव्यात. दहा मिनिटं. त्याचं सामान घरात कधीच संपू देत नाही.

आता पत्रातल्या त्या एका वाक्याकडे येते, जे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. 'तो पुढ्यात येईल ते खातो.' भाज्या आणते मी, स्वयंपाक केला मी, रडू आलं मला, नियोजन जमत नाही मला. नवरा फक्त त्या एका ओळीत येतो, आणि तीसुद्धा तक्रार नाही म्हणून कौतुकाने लिहिलेली. पण पुढ्यात येण्याआधी कुणीतरी ठरवलेलं, आणलेलं, शिजवलेलं असतं. फोनवरून मागवायचं झालं तरी बहुधा तुम्हीच मागवता. तोही नोकरीच करतो ना? म्हणजे दोघंही सारखेच दमून येता.

त्याला 'मदत' मागू नका. मदत म्हटलं की काम तुमचंच राहतं, आणि 'काय करू? कांदा किती चिरू?' या प्रश्नांची उत्तरं देण्यात तुमचं डोकं पिंजून निघतं. पूर्ण रात्र वाटून द्या. मंगळवार आणि गुरुवार त्याचे. काय करायचं ते तो ठरवणार, सामान आहे की नाही ते तो बघणार, सकाळी भिजत तो घालणार, नंतर ओटाही तोच पुसणार. सुरुवातीला तो दोन्ही दिवस एकच गोष्ट करेल, भात जरा चिकट होईल. होऊ द्या. तुम्ही स्वयंपाकघरात डोकावू नका, चव घेऊन सूचना देऊ नका, पाय वर करून बसा. ब्राझील सरकारने २०१४ मध्ये जी आहार मार्गदर्शिका काढली, तिच्यात कॅलरीच्या तक्त्यांऐवजी स्वयंपाक घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यावा, पुरुषांनीही, असं स्पष्ट लिहिलंय. मला ते वाचून फार बरं वाटलं होतं. घरचं खाणं टिकायचं असेल तर ते एका माणसाच्या खांद्यावर टिकत नाही, हे आहाराच्या पुस्तकात लिहिण्याइतकं महत्त्वाचं आहे.

हे बोलणं रात्री आठ वाजता काढू नका, दोघंही उपाशी असता. सुट्टीच्या दिवशी जेवण झाल्यावर काढा. डॉक्टर काय म्हणाले ते त्याला नीट सांगितलंय का, तेही बघा. आपण घाबरलोय हे बऱ्याचदा आपण बोलतच नाही.

पहिल्या आठवड्यात यातलं सगळं करायला जाऊ नका. येत्या सोमवारी निघताना फक्त एक वाटी हरभरे भिजत घाला आणि दुपारच्या डब्याबरोबर पर्समध्ये एक केळं टाका. बाकी चार रात्री मागवावं लागलं तर मागवा. पुढच्या आठवड्यात त्याचा मंगळवार सुरू करा. महिनाभराने मला लिहा, आणि तो काय करायला शिकला तेही कळवा.